तापलेलं बोद

निपाणीत, आमच्या वखारीत,
बोद बाहेरनं कधी काही सांगत न्हाई.
गोणपाट कोरडं, शिवण सरळ,
वर चुन्यानं टाकलेला आकडा.
हात घालावा लागतो आत, कोपरापर्यंत,
तवा कळतं : कुठंतरी ओल राहिलीय,
पान पानाला तापवतंय.
चाळीस वर्षं हा हात तेच करत आला.
‘पारिसा, बघ जरा,’ दिवाणजी म्हणायचे
आणि मी बघायचो.
डोळ्यांनी न्हाई.

बेळगावच्या डेंटल कॉलेजची गाडी आली,
शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या.
फॉर्म कन्नडमधला, विचारणारी पोरगी मराठी.
मला सही येते. पण कुठल्या लिपीत करू,
म्हणून हसत हसत अंगठाच दिला.

‘किती ओढता, काका?’
एक बंडल, म्हटलं.
मग तिनं नुसतं बघितलं,
तर म्हटलं, दोन.
आणि छाती काढून वर सांगितलं :
पण हिरडीतनं थेंब आलेला न्हाई आजवर.
आमच्या अक्काताईचं बघा,
बिड्या वळते, ओढत न्हाई,
मिसरी तेवढी लावते,
आणि चूळ टाकते ती लाल.

पोरगी हसली न्हाई.
रेघा आखलेली बारीक सळई
दाताच्या कडेनं आत सोडत गेली,
आकडे बोलत गेली, दुसरी लिहीत गेली.
पाच. सहा. सहा. आठ.
तोलाईच्या कट्ट्यावर बोलतो तसंच.
हे कशाचं वजन, बाई?
‘वजन नाही. खिसा.
हिरडी दातापासून सुटलीय,
आठ मिलिमीटर खोल खिसा झालाय.’
मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला.
तिथं एक जळकं भोक आहे,
वर अक्काताईनं लावलेलं ठिगळ.

मग ती सांगत होती
आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होतो,
एवढे सरळ दात.
धूर नसा आवळतो, म्हणाली.
आत सूज असते, वर लाली दिसत नाही.
हाड झिजत जातं, रक्त येत नाही.
‘काकूंची हिरडी ओरडते तरी.
तुमच्या हिरडीचं तोंड दाबलंय.’

कागदाची पट्टी, नखाएवढी,
खिशात सरकवून तिनं ओली करून घेतली.
दंडातलं रक्त वेगळं.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट.
सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन : सहा पूर्णांक दोन.
तीनच्या आत पाहिजे होतं.
पट्टीतल्या दोघांची नावं मला बोलता येईनात,
ती दोघंही चढलेली.
हे प्रोटीन म्हणे लिव्हर बनवतं.
म्हणजे आग तोंडात
आणि वर्दी पोटातनं.
‘फक्त हिरडीमुळंच असं नाही,’ ती म्हणाली,
‘बिडीचंही असेल, आणखी कशाचंही असेल.
पण आत तापलंय एवढं नक्की.’

म्हणजे तुम्ही हात आत घातला, मी म्हटलं.
तिला कळलं न्हाई.
मग तिला बोद सांगितलं,
ओल, वास, कोपर, सगळं.
तिनं पेन खाली ठेवलं.
‘तापलेलं सापडलं तर काय करता?’
फोडतो. पानं पसरतो, पालटी देतो.
टाकून देत न्हाई.
‘मग तसंच करू,’ म्हणाली.
‘पण आधी ओल थांबवा.’

घरी अक्काताई सूप मांडीवर घेऊन बसलेली.
पान, चिमूट, वळ, दोरा.
ह्याच सुपावर दोन लेकींची लग्नं झाली,
ते रिपोर्टात कुठं लिहिणार?
ती मोजत होती.
तेवीस, चोवीस.
पंचविसावी सवयीनं माझ्याकडं धरली,
तोंड वर न करता.

मी घेतली. फिरवून बघितली.
गच्च वळलेली, दोरा पक्का.
जीभ आपोआप त्या आठाच्या दाताकडं गेली,
कोपरापर्यंत जाईना, टोक तेवढं पोचलं.

परत सुपात ठेवली.
आजच्यापुरती, म्हटलं मनात.
अक्काताईचा हात थांबला,
मग परत एकपासनं मोजायला लागली.